रिकामा स्कॅनर आणि तीन नंबरची गाडी

अर्विद कांगासने पडद्यावरच्या बाणावर बोट ठेवलं. ‘तुमची खात्री आहे का?’ असं संगणकाने विचारलं, आणि हयातभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे खात्री नसण्याची सवयच मोडलेल्या अर्विदने ‘हो’ म्हटलं. पहाटेपासून टेबलावर पुटपुटत बसलेला जुना स्कॅनर वाक्याच्या मध्येच गप्प झाला.

“झालं का?” ओट्यापाशी वेलदोड्याचा पाव कापत लेम्पीने विचारलं.

“होतंय.”

“मग हा का बंद पडला?”

“त्यातलं नव्या स्कॅनरमध्ये चाललंय. अशा वेळी जरा शांतता लागते.”

शांतता वाजवीपेक्षा जास्त होती. अर्विदने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. पडद्यावर दोन चौकटी होत्या, आणि दोन्हींखाली शून्य.

जगातल्या कोणत्याही इतिहासाच्या तक्त्यात काळ डावीकडून उजवीकडे वाहतो. जुनं डावीकडे, नवं उजवीकडे. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने मात्र असा एकही तक्ता पाहिलेला नसावा. ज्या यंत्राची केबल आधी जोडाल ते डावीकडे, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. अर्विदने उत्साहाच्या भरात नव्याची केबल आधी जोडली होती. परिणामी नव्या यंत्राची कोरी करकरीत पोकळी बाणाची आज्ञा शिरसावंद्य मानून जुन्यात शिरली होती, आणि वीस वर्षांचं काम पुसून तिथे निवांत बसली होती. मोठमोठी ग्रंथालयं जाळायला निदान सैन्यं लागली. इथे एक बोट पुरलं. आधी प्रत काढून ठेवावी अशी सूचना माहितीपुस्तिकेत होती. पण जिच्या पहिल्याच वाक्यातून क्रियापद बेपत्ता झालं होतं, त्या पुस्तिकेचा सल्ला घेणं अर्विदला कमीपणाचं वाटलं होतं.

स्कॅनर हा दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्याचा रेडिओ. अग्निशामक दल, रुग्णवाहिका, शेरीफ आणि, अल्डर बे गावाच्या दृष्टीने या सर्वांहून मोलाच्या, रस्ते खात्याच्या बर्फ लोटणाऱ्या गाड्या. कोणता चॅनेल कुणाचा हे कुठेही छापलेलं नव्हतं. अर्विदने वर्षानुवर्षं कान देऊन तो शोध लावला होता, प्रत्येकाला आपल्या पसंतीचं नाव दिलं होतं, महत्त्वाप्रमाणे क्रम लावला होता. सुपिरिअर सरोवराच्या काठी बर्फ खिडकीच्या वर चढतं. तेव्हा अल्डर बेची माणसं बाहेर डोकावत नसत, अर्विदला फोन करत. वर्गात त्याचं कधी कुणी ऐकलं नव्हतं. निवृत्तीनंतर मात्र गाडी गॅरेजमधून काढायची की नाही, हे अख्खं गाव त्याच्या शब्दावर ठरवत असे. माणसाला या वयात एवढं राज्य पुरतं.

“हाताने भर ना परत,” लेम्पी म्हणाली. “लक्षात असेल की सगळं.”

“लक्षात ठेवावं लागू नये म्हणूनच तर यंत्रात घातलं होतं.”

“मग आता लोकांना सांग, बिघडलाय म्हणून.”

“बिघडलेला नाहीये.”

“बरं, तू बिघडवलायस म्हणून सांग.”

तेवढ्यात फोन वाजला. खाणीच्या रस्त्यावर एकटा राहणारा लाकूडतोड्या टाउनो होता.

“काय रे, अर्विद, तीन नंबर कुठवर आली? मला खाली पेट्रोल पंपावर जायचंय. घरात कॉफी नाही, सकाळपासून गरम पाणी पितोय.”

अर्विदने दोन मुक्या यंत्रांकडे पाहिलं. मग लेम्पीकडे पाहिलं. ती मुद्दाम पावाकडे पाहत होती.

“चर्चपाशी,” तो म्हणाला. “चर्चला वळसा घालून तुझ्याकडे येईल.”

“देवमाणूस आहेस. चालत खाली येतो, वाटेत गाठतो तिला.”

फोन ठेवल्यावर लेम्पी म्हणाली, “चर्चपाशी?”

“तीन नंबर घेऊन डेल रोज या सुमाराला चर्चपाशीच असतो. हा निष्कर्ष आहे. पुराव्यावर आधारलेला.”

“पुरावा कुठाय?”

“पुसला गेला.”

त्यानंतर फोन थांबेना, आणि अर्विदही थांबेना. टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून फोनपर्यंत येरझाऱ्या घालत त्याने तीन नंबरची गाडी शाळेच्या मागून नेली, पुलावर क्षणभर थांबवली, डेलला एक शिवी घालायला लावली. तपशील भरले की विधान विश्वसनीय वाटतं, हे त्याला व्यवसायाने शिकवलं होतं. साधनं नष्ट झाली की इतिहास लिहिणं किती सोपं जातं, हे त्याच्या सगळ्या सहकाऱ्यांना ठाऊक होतं. ते कबूल करण्याची वेळ फक्त त्याच्यावर आली होती. मधल्या वेळात तो केबल काढून परत लावत होता, जणू चूक केबलमधून उलटी वाहून येणार होती.

मग हिल्मा मावशीचा फोन आला. ही लेम्पीची मावशी. सीडर पॉइंटच्या टोकाला एकटी राहायची आणि आठवड्यातून तीनदा शहरात डायलिसिसला जायची. अर्विदला ती लग्नापासून एकाच नावाने हाक मारत आली होती, आणि त्या हाकेतला उपरोध लग्नापासून जराही कमी झालेला नव्हता.

“जावईबापू, उठलात की नाही अजून?”

“केव्हाच, मावशी.”

“गाडी येते का माझ्याकडे आज? गुरुवारची खेप चुकली या बर्फापायी. पाय असे सुजलेत, की बुटात जाईनात. आजची चुकली तर काही खरं नाही, असं ती नर्स म्हणाली. गोड बोलते, पण म्हणाली.”

“येतेय,” अर्विद म्हणाला. सकाळभराच्या सवयीने त्याची जीभ त्याच्या पुढे धावत होती. “अर्ध्या तासात तुमच्या दारात.”

“बरं. मग बाहेर जाऊन मोटार सुरू करून ठेवते. गरम व्हायला वेळ लागतो तिला.”

फोन ठेवला गेला. लेम्पीने सुरी खाली ठेवली.

“अर्विद.”

“माहितीये.”

“ती म्हातारी आता त्या बर्फात जाऊन मोटारीत बसेल. तू म्हणालास म्हणून.”

“माहितीये म्हटलं ना.”

त्याने मावशीचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. मावशी दाराबाहेर पडलीही होती. मोबाइल तिच्याकडे होता, पण तो ती शहराच्या वेशीवर गेल्यावरच चालू करत असे, बॅटरी वाया जाऊ नये म्हणून. तेव्हा अर्विदने वीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली. ज्याचं बोलणं तो रोज चोरून ऐकत असे, त्या रस्ते खात्याच्या मुकादमाला, गॉर्डनला, त्याने थेट फोन लावला. सगळं कबूल करायचं आणि गाडी सीडर पॉइंटला पाठवायला विनवायचं, एवढं त्याने मनाशी ठरवलं होतं.

“गॉर्डन, मी अर्विद कांगास. मला एक सांगायचंय…”

“अर्विद, अरे तुलाच लावणार होतो. तीन नंबर कुठाय?”

“म्हणजे?”

“आमचे रेडिओ मेलेत रे सगळे. कालच नवे बसवले. चॅनेल भरायचे राहिले, आणि ते भरणारा माणूस फ्लोरिडात समुद्रावर जाऊन पडलाय. डेलला मोबाइल न्यायला मीच बंदी घातलेली. पण पंपावरून टाउनो म्हणाला, की तू सकाळपासून तंतोतंत सांगतोयस. डेलचं बोलणं आमच्याकडे नाही, तुझ्या यंत्रात पोचत असणार. चर्चपाशी म्हणालास, तर डेल चर्चपाशीच होता म्हणे.”

“होता?”

“टाउनो तिथे वाट बघत उभा होता. डेल कुठून तरी दुसरीकडूनच येत होता. ह्याने हात केला, अर्विद म्हणतो तू वळसा घालून खाणीकडे जाणार. डेल म्हणाला, अर्विदने ऐकलंय म्हणजे गॉर्डनने तसं सांगितलं असणार. गेला बिचारा. नंतर शाळा, पूल, सगळं तू म्हणालास तसं. जिथे जातो तिथे लोक त्याला सांगायला उभेच.”

अर्विद खुर्चीवर बसला. आपण सकाळभर जे रचलं, ते एक सरकारी वाहन मुकाट्याने अमलात आणत होतं, ही माहिती पचवायला त्याला वेळ हवा होता; मावशीच्या मोटारीत तो वेळ नव्हता.

“तो आता सीडर पॉइंटला चाललाय,” तो म्हणाला.

“अरे, तो रस्ता शेवटचा असतो.”

“मी ऐकलं ते सांगितलं.”

“बरं बाबा,” गॉर्डन म्हणाला. “तुझ्या कानांवर माझा विश्वास आहे.”

अर्विदने लगेच पंपावर फोन लावून टाउनोला फोनवर बोलावलं. “कप खाली ठेव. डेल पुलावरून येईल. त्याला अडव आणि सीडर पॉइंटला धाड. हिल्मा मावशीकडे, थेट.”

“तू ऐकलंस तसं?”

“टाउनो, बाहेर जा.”

मग काहीच करण्यासारखं उरलं नाही, आणि तेच सर्वांत कठीण होतं. अर्विद खिडकीशी गेला, परत आला, मावशीचा मोबाइल लावून पाहिला, पुन्हा खिडकीशी गेला. लेम्पीने कॉफी ओतली. ती दोघांच्याही पुढ्यात निवत राहिली. जुना स्कॅनर गप्प. नवा गप्प. इतकी वर्षं या घरात कुणी तरी सतत बोलत होतं, आणि ते आपण नव्हे, हा स्कॅनर होता, हे अर्विदला आत्ता जाणवत होतं.

अखेर फोन वाजला. मागे कसली तरी प्रचंड घरघर होती.

“जावईबापू, फार उंच असते हो ही गाडी,” हिल्मा मावशी आज वेशीआधीच मोबाइल चालू करून ओरडून बोलत होती. “माझी मोटार काही सुरू होईना. डेलने मला उचलून आत बसवलंय, पोत्यासारखं. थेट दवाखान्यात नेतोय. इथून सगळं दिसतं. लोकांची छपरंसुद्धा.”

अर्विदने डोळे मिटून घेतले. “बरं झालं, मावशी.”

“एक मात्र आहे. कुणाला बोलू नका. आत परक्या माणसाला बसवलं तर नोकरी जाते म्हणे त्याची. मागे एकाची गेली. तोंडातून ब्र काढायचा नाही. लेम्पीला सांगा फक्त.”

तिने फोन ठेवला न ठेवला तोच तो पुन्हा वाजला. गॉर्डनचा होता.

“अर्विद, अर्धं गाव अडकलंय आणि माझ्या नावाने शंख करतंय. सीडर पॉइंट होऊन डेल केव्हाच परतायला हवा होता. कुठाय तीन नंबर?”

ती कुठे आहे, कोणत्या दिशेने चालली आहे, आत कोण बसलं आहे आणि तिथून काय काय दिसतं, हे सगळं अर्विदला त्या दिवसात प्रथमच खरोखर ठाऊक होतं.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

“माहीत नाही म्हणजे? सकाळपासून तर सांगतोयस.”

“ऐकू येत नाहीये काही.”

“बघ जरा, काही हलवून, फिरवून…”

“नाही येत, गॉर्डन. कदाचित मी सकाळपासून चुकीचंच ऐकत असेन. वय झालं.”

“आम्ही तुझ्यावर विसंबलो होतो,” गॉर्डन म्हणाला. “तसं आधी सांगायचंस तरी.” आणि त्याने फोन ठेवला.

दुपारपर्यंत ही वार्ता गावभर झाली. फोन एकदाही वाजला नाही. लेम्पीने निवलेली कॉफी ओतून टाकली, ताजी केली आणि पावाची टोकाची जाड फोड, जी ती नेहमी स्वतःसाठी राखत असे, त्याच्या बशीत ठेवली.

“पोचली असेल ना रे मावशी?” तिने विचारलं.

“बहुतेक,” अर्विद म्हणाला, आणि फोड कॉफीत बुडवली.