ज्वारीत शिरला, उसातून निघाला

पडद्यावर नायकाची आई शेवटचं बोलत होती. दोरीपलीकडच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या, अलीकडच्या पुरुषांनी शेंगा फोडायच्या थांबवल्या होत्या. आणि नेमक्या त्या घटकेला त्या माउलीच्या तोंडावर एका भल्यामोठ्या पटक्याची सावली पडली.

"ह्ये काय जुळंना," सावली म्हणाली. "मघाशी हिच्या हातात काचंच्या बांगड्या हुत्या. आता पाटल्या आल्या. मरताना सोनं कुनी घातलं?"

'खाली बसा, खाली बसा' असा गलका झाला. बायकांचं रडणं राहिलं बाजूला. पाटल्या खरंच आहेत का, ते बघायला त्यांनी माना उंचावल्या. पाटल्या होत्या. आई रीतसर मेली, पण काष्टीत तिच्यासाठी त्या दिवशी कुणी रडलं नाही.

हे भानुनाना. काष्टीच्या शिवारात त्यांची कागदी लिंबांची बाग होती आणि गावात दोन खोल्यांचं घर. त्या घराला लागूनच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. शाळेत नवा मास्तर म्हणून आलो होतो, लग्न व्हायचं होतं, त्यामुळे संध्याकाळी वह्या तपासायच्या किंवा सिनेमाच्या तंबूत जायचं, एवढंच हातात होतं. मी वह्यांना फारसा वेळ दिला नाही.

मोठ्या दुष्काळाच्या अलीकडची ती वर्षं. महिन्या-दोन महिन्यांनी, आठवडे बाजाराच्या सुमाराला तंबूवाल्याचा ट्रक येऊन मुक्काम ठोकायचा. दुपारी कर्णा लावलेला टांगा गावभर फिरायचा आणि दिवेलागणीला माणसं आपापलं पोतं, घोंगडी घेऊन निघायची. बसायला जमीन, मध्ये दोरी, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. बाहेर जनरेटर धडधडायचा आणि वाऱ्यानं पडदा फुगला की नायिकेचे गाल फुगायचे. पुढे मी शहरात गादीच्या खुर्च्यांवर बसून पुष्कळ सिनेमे पाहिले. त्या पोत्यावरचं सुख काही पुन्हा मिळालं नाही.

नाना यायचे ते मात्र गोष्ट बघायला नाही. नायक गायला लागला की सगळ्यांची नजर नायिकेवर, नानांची बैलगाडीवर. गावाहून निघताना गाडीला दोन्ही बैल पांढरेशुभ्र खिलार होते, आणि पोचताना त्यातला एक तांबडा झाला, हे सबंध तंबूत त्यांना एकट्याला दिसलं. दुसऱ्या एका सिनेमात पोलीस मागे लागल्यावर नायक हुरड्याला आलेल्या ज्वारीत शिरला आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडला तो उसातून. नानांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढे कितीतरी दिवस कुणी भलतंच बोललं, की ते म्हणायचे, "ज्वारीत शिरला, उसातनं निघाला."

तंबूचा मालक समजूत घालायला आला. "नाना, फिलम जुनी हाय, जागोजाग तुटल्याली. मधलं गेलं आसंल."

"मग गेल्यालं शोधून आन."

"तुमी फुकट येत जा, पन उभं ऱ्हाऊ नका."

"तिकीट काढून येईन आन् उभाबी ऱ्हाईन," नाना म्हणाले आणि जाऊन पहिल्या रांगेत बसले.

ही खोड तंबूपुरती असती तर गावानं खपवून घेतली असती. पण एका कीर्तनात बुवांनी आरंभी राजाला दोन राण्या दिल्या आणि उत्तररंगात तिसरी आणली. नाना टाळ-मृदंगात उभे राहिले. बुवा चांगलेच कसलेले होते. त्यांनी तिसऱ्या राणीचं तिथल्या तिथे लग्न लावून दिलं आणि मगच पुढे गेले. मात्र त्या खोडीनं एकदा चांगलंही केलं. शेजारच्या पोरीला स्थळ आलं होतं. मध्यस्थ आला तेव्हा मुलाची दहा एकर जमीन होती, चहा संपेतो ती चौदा झाली. "चहात पिकती का जमीन?" नानांनी विचारलं. चौकशी केली तेव्हा एक गुंठाही निघाला नाही.

मी त्यांना एकदा म्हटलं, "नाना, सिनेमा म्हणजे सगळं खोटंच असतं. त्यात काय जुळवायचं?"

"गुरुजी, खोटं सांगू ने आसं मी कुटं म्हन्तो? पन सांगायचं तर ध्यानात ठिवून सांगावं."

आता नानींबद्दल. नानांची बायको म्हणून सगळं गाव त्यांना नानी म्हणायचं. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई, हातात सदा लिंबांचा वास. मूलबाळ नव्हतं. चारचौघांत नवरा-बायकोनं बोलायचं नाही अशी तेव्हाची रीत, आणि घरात बोलावं तर नाना मुलखाचे घुमे. "पानी," "भाकर," "बागंत जातो," एवढ्यावर दिवस निघायचा. तंबू सुटला की मात्र नवल व्हायचं. नाना पुढे, हातात कंदील. नानी चार पावलं मागे. आणि दोघांचं भांडण थेट घरापर्यंत.

नाना एकेक चूक काढायचे आणि नानी सिनेमाची वकिली करायच्या.

"बैल तांबडा झाला त्यो?"

"वाटंत बदलला आसंल की. दमला आसंल पैला."

"आन् पाटल्या?"

"सुनंनं घातल्या. मरतानी तरी सासूला नटवावं म्हनून."

"आन् त्यो उसातनं निघाला त्यो?"

"शेजारच्याचा ऊस आसंल. तुमाला मेलं कुनाचं बरं बघवत न्हाई."

नानींनी हार मानलेली मी कधी ऐकली नाही. नाना कंदील वर करून मागे वळायचे, काहीतरी बोलणार असं वाटायचं, आणि मग पुन्हा चालू लागायचे. मी त्यांच्या मागून यायचो म्हणून मला एक ठाऊक होतं: वळायचे तेव्हा ते हसत असायचे. भांडता यावं म्हणूनच हा माणूस चुका वेचतो की काय, अशी शंका मला तेव्हापासूनची.

त्या वर्षी दिवाळीनंतर नानी बागेत लिंबं निवडता निवडता आडव्या झाल्या. उजवं अंग गेलं. दौंडला दवाखान्यात नेलं, पंधरवड्यानं घरी आणलं. पाय थोडा हलायला लागला होता. डॉक्टरांनी नानांना बजावलं, "जीभ जड झालीय, पण सुटेल. त्यांना बोलतं ठेवा. गप्प राहिल्या तर वाचा कायमची जाईल."

घरी आल्यावर नानींनी पहिल्यांदा पाणी मागितलं. शब्द तोंडातच वितळल्यासारखा वेडावाकडा बाहेर आला आणि खाटेभोवती जमलेल्या बायकांतली एक पोर फिस्सकन हसली. नानींनी तोंड मिटलं ते मिटलंच. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागल्या. बायका येऊन तऱ्हेतऱ्हेचे प्रश्न विचारायच्या, देवाचं नाव घ्यायला लावायच्या, उत्तर नाही. नाना खाटेशी बसायचे. बोलायला हवं हे कळत होतं, पण बायकोशी बोलायला त्या माणसाजवळ दुसरा विषयच नव्हता. "पानी?" ते विचारायचे. नानी मान हलवायच्या. पुन्हा सगळं शांत. भिंतीपलीकडे मला ते ऐकवत नसे.

असे दीड-दोन महिने गेले आणि तंबू परत आला. पहिल्याच खेळाला नाना हजर. गाव कुजबुजलं, 'बायको तशी पडलीय आणि ह्यांना सिनेमा सुचतोय.' मलाही राग आला, खोटं कशाला सांगू.

नाना पहिल्या रांगेत बसले आणि सबंध सिनेमाभर उठले नाहीत. पडद्यावर दिवसाउजेडी दोन सावल्या दोन दिशांना पडल्या, नाना गप्प. नायकाच्या कपाळावरची पट्टी एका गाण्यात तीनदा जागा बदलून आली, नाना गप्प. लोक पडदा सोडून त्यांच्याकडे बघायला लागले. खेळ संपल्यावर मालक स्वतः आला. "नाना, तब्येत बरी हाय ना? आज कायच न्हाई?"

"ध्यानात ठिवत हुतो," एवढंच म्हणून नाना निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानींचा समाचार घ्यायला म्हणून मी चहा पिऊन तिकडे गेलो. दार उघडंच होतं. नानींना खाटेवर उशांना टेकवून बसवलं होतं आणि त्यांच्या मागे बसून नाना त्यांच्या केसांना तेल लावत होते. लिंबाच्या झाडांना आळी करणारे ते हात. वेणीचे तीन पदर कसे धरायचे हे काही त्यांना उलगडत नव्हतं. आणि तोंडानं ते रात्रीच्या सिनेमाची गोष्ट सांगत होते. मला त्यांनी मानेनंच बस म्हटलं.

"मग त्यो धाकला भाऊ घोड्यावर बसून निघाला. काळं घोडं. शेहरात आला, पांढऱ्या घोड्यावरनं खाली उतरला."

घोडा सबंध सिनेमात काळाच होता. भानुनाना चुकले, आणि तेही माझ्यादेखत. ही संधी सोडवेना. मी म्हणालो, "नाना, घोडा तर..."

नानांनी वर पाहिलं. असं कळवळून माझ्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं.

ते पुढे सांगू लागले. नायिका दोनदा वेगळ्या नावानं आली. कोर्टात हरलेला सावकार लगेच जिंकला. नानी भिंतीकडेच बघत होत्या. नानांचा आवाज मधूनच चिरकायचा, ते खाकरायचे आणि आणखी एक चूक घालायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस शोधून शोधून चुका करत होता, आणि त्याला त्या धड करताही येत नव्हत्या.

"गोदामाला आग लागली. म्हातारा बाप आत. मेला बिचारा," नाना म्हणाले. "मग पोराचं लगीन निघालं. मांडव घातला. ताशा वाजतुया. बाप आला, दोन्ही हातांनी अक्षता टाकल्या."

मग नानींचं तोंड हललं.

"मे... मेला नं?"

नाना केस धरून तसेच बसले. "कोन?"

"बाप."

"व्हय की," नाना म्हणाले. "मेलाच हुता. चुकलं माजं."

चुकलं माझं, हे शब्द काष्टीत त्या तोंडून कुणीच ऐकले नव्हते. नानींनी मान वळवली. निम्म्या चेहऱ्यावर, जो हलत होता त्यावर, जुना राग स्पष्ट दिसला.

"तुमाला... न्हाई... सांगता येत."

"न्हाईच येत," नाना म्हणाले. "तू सांग."

नानींनी डोळे मिटले. ओठ दोन-तीनदा नुसतेच हलले. मग एकेक शब्द ओढून काढत त्या बोलू लागल्या.

"बाप... मेला. त्येची... पोरगी... लई रडली."

त्या सिनेमात बापाला मुलगीच नव्हती. नानांनी फणी खाली ठेवली. उठून ते खाटेच्या पुढच्या बाजूला आले, नानींसमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि तोंड वर करून म्हणाले, "बरं. मग?"