भिंतीशी एक सकाळ

ज्याला माणसाचं माप घेता येतं, त्याला फुटबॉलचा संघ बांधता येतो, असं टेलरमास्तरांचं ठाम मत होतं. हे मत ते गिऱ्हाइकाच्या कमरेशी टाचणी धरून ऐकवत, त्यामुळे आजवर कुणी वाद घातला नव्हता.

रविवारी बाजारपेठेच्या संघाची गाठ अग्निशमन दलाशी होती. गेल्या खेपेला दलाने नऊ गोल चढवले होते, आणि ते नऊ गोल मास्तरांना अजून झोपेत दिसत. या वेळी त्यांनी कापड बेतायच्या खाकी कागदावर सरावाचा तक्ता आखला. धावणं, पास, हेडर, गोलवर मारा, सगळं रेघा मारून. दहा जणांचं चोख बसलं. अकरावा म्हणजे गोलकीपर, धंद्याने घड्याळजी आणि नात्याने मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो कुठेच बसेना. मग मास्तरांनी दोन वर्षांची वहिवाट चालू ठेवली: तू तिकडे कुंपणाच्या भिंतीवर चेंडू मार आणि झेल. मेहुणा गरीब स्वभावाचा, निमूट गेला.

पण गोलवर मारायचं तर गोलात कुणीतरी हवंच. मेहुण्याला हाक मारायची तर तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. मास्तरांनी दुकानातला पुतळा आणला, मेहुण्याची जादाची जर्सी त्याच्या अंगात चढवली आणि उभा केला गोलात. ना डोकं, ना हात. शिवाय वस्तू महागाची, तेव्हा पुतळ्याला चेंडू लागता कामा नये, अशी सक्त ताकीद. त्या सकाळी एकोणतीस गोल झाले. मास्तर हवेत! सराव संपल्यावर पुतळा चादरीत गुंडाळून चौघांनी खांद्यावर घेतला, मास्तरांनी फाटकाला कुलूप घातलं आणि मंडळी निघाली.

मेहुणा तीनशेवा झेल घेऊन वळला तेव्हा मैदान ओस पडलं होतं. भिंतीवरून उडी मारताना त्याची विजार टर्रकन फाटली. तसाच तो मास्तरांच्या दुकानात आला, तर काचेमागे त्याचीच जर्सी घालून पुतळा उभा. त्याने आपले हातमोजे पुतळ्याच्या मानेत अडकवले.

"दाजी, रविवारी यालाच उभा करा," एवढं बोलून तो गेला.

घरी बायकोने भांडण काढलं नाही. ताट वाढता वाढता म्हणाली, "पुतळ्याला पांघरूण घालून आणलंत, आणि माझ्या भावाला कुलूप लावून आलात." जेवणानंतर मास्तरांनी तो खाकी कागद उलगडला आणि दोनदा वाचला. मेहुण्याचं नाव खरंच कुठे नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते घड्याळाच्या दुकानात गेले, चुकलं म्हणाले, रविवारी ये म्हणाले. मेहुण्याने डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. एका अटीवर येईन, म्हणाला.

"उद्या सराव मी घेतो. तुम्ही भिंतीशी उभे राहा."

मास्तरांनी शिट्टी आणि फाटकाची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

सरावाला भिंतीशी मास्तरांची पहिली दहा मिनिटं मजेत गेली. पन्नासाव्या झेलाला कोणती वीट चेंडू वाकडा परतवते ते कळलं. शंभराव्याला पाठीमागून हसण्याचा आवाज आला, आणि हसू कशाचं ते कळेना. ते वळून बघू लागले. पुतळा मैदानाच्या मधोमध बचावपटू म्हणून उभा होता. मेहुणा हातमोजे घालून सगळ्यांबरोबर पास देत होता, घेत होता, आणि प्रत्येकाची खोड नेमकी सांगत होता: न्हावी हेडर मारताना डोळे मिटतो, केमिस्ट पास द्यायच्या आधीच तिकडे बघून चुगली करतो. दोन वर्षं लांबून बघायला त्याला वेळच वेळ मिळाला होता. दहाही जण त्याच्याभोवती गोळा झाले होते. मास्तरांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. त्यांना एकाएकी फार एकटं वाटलं, आणि मेहुण्याची दोन वर्षं आठवून त्याहून वाईट वाटलं. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. तीनशे पुरे करायचेच, न बघता.

तीनशे झाले. वळून बघतात तो मैदान ओस आणि फाटकाला कुलूप.

भिंतीवर त्यांचीही विजार फाटली. स्वतः शिवलेली होती, हे जास्त लागलं. मेहुण्याने चांगलाच सूड उगवला, असं पुटपुटत ते घरी आले. मेहुणा जेवायला बसला होता. मास्तरांना बघून त्याचा हात ताटातच राहिला आणि चेहरा पार उतरला.

"दाजी, शपथ घेतो, मुद्दाम नाही केलं. रविवारचंच बोलत निघालो सगळे, आणि तुम्ही... राहूनच गेलात."

"म्हणजे रविवारी येतोयस?"

"येणार म्हणजे काय! सगळं ठरलंय."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. फाटक्या विजारीवर हात धरून ते पाटावर बसले. बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि काळजीने विचारलं, "पुतळा तरी आणलास ना रे?"

"आणला की, ताई. चादरीत गुंडाळून."