दारकुंड्यांनी पोळ्याचा मान परत घेतला त्याची हकीकत

कुळस्वामिनी साक्ष, शिवारचा म्हसोबा पाठीशी. शके सतराशे एक्याण्णव, शुक्लनाम संवत्सर, श्रावण वद्य अमावास्या, ते दिवशी दारकुंड्यांच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकावे. राज्य म्हणजे काळ्या रानाचे दोन तुकडे, एक विहीर आणि एक गोठा. यास कोणी लहान म्हणेल तर त्याने येऊन एकदा नांगरून पाहावे. लिहिणारा याच घरचे अन्न खातो, तेव्हा लेखणी दारकुंड्यांकडे झुकेल. झुकली तर झुकली.

पूर्वी गावच्या पोळ्याचा मान दारकुंड्यांचा. सर्वांचे बैल वेशीपाशी जमावे, आंब्याच्या पानांचे तोरण बांधावे आणि पहिली जोडी दारकुंड्यांची तोरणाखालून जावी, मग बाकीच्यांनी जावे, ऐसा शिरस्ता. परंतु घरचे धनी सुभानजी पलटणीत चाकरीस गेले, आणि मानाच्या जोडीचा कासरा घरच्या कर्त्या पुरुषानेच धरावा ऐसा गावचा दंडक, आणि घरी तर पुरुष उरला नाही, मग मान माणकोजी थेटे यांजकडे गेला. सुभानजींनी तिकडे मोठे शौर्य केले. समुद्र ओलांडून हबसाणात, म्हणजे हबशांच्या मुलखात, गेले, उभे डोंगर चढले, हवालदार जाहले आणि चौदा वर्षांनी छातीवर रुप्याचे पदक लावून परत आले. इकडे त्यांचे कुटुंब ठकूबाई यांनी राज्य राखिले. स्वतः नांगर धरला, सरकारचा सारा भरला, आणि गाय मेल्यावर तिचे जुळे गोऱ्हे हाताने दूध पाजून वाढविले. त्यांचीच पुढे जोडी जाहली, मुंगश्या आणि चांद्या. या कामगिरीचे पदक कोणी दिले नाही, म्हणून येथे लिहून ठेविले आहे.

मग सुभानजी चावडीवर गेले आणि मान परत मागितला. थेटे कसले सोडतात! बहुत बोलाचाली जाहली, आणि पाटलांनी निवाडा केला की, यंदा वाजंत्री थांबण्याआधी दारकुंड्यांची जोडी तोरणाखालून गेली तर मान त्यांचा, न गेली तर मान कायमचा थेट्यांचा. हवालदारांनी मिशीस पीळ दिला आणि घरी येऊन बैलांस पलटणीची कवाईत सुरू केली. 'क्विक मार्च' आणि 'हाल्ट' यांनी शिवार दणाणून गेले. ठकूबाई म्हणाल्या, "धनी, त्यांस्नी माझी हाक ठावं हाय. मला जरा संगं चालू द्या."

"बायामाणसाचं वेशीत काय काम?" सुभानजी बोलले. "हुकूम म्हंजे हुकूम. माझं अख्खी पलटण ऐकायची."

"पलटणीला पगार व्हता," बाई म्हणाल्या आणि शेण भरू लागल्या.

पोळ्याचे दिवशी बैल धुतले, शिंगांस हिंगूळ लाविला, झुली घातल्या, आणि सुभानजींनी लाल कोट चढविला. हलगी कडाडली, हवालदार गरजले, आणि जोडी मोठ्या दिमाखात चालली आणि नेमकी तोरणापाशी येऊन गच्च उभी राहिली. पुन्हा हुकूम जाहला, पुन्हा जाहला, बैल काही हलेनात. सगळ्या कवाइतीतून त्यांस हाल्ट तेवढे पक्के समजले होते. थेट्यांचे लोक हसू लागले आणि माणकोजी ओरडले, "हवालदार, हाणा की आसूड!" पोळ्याचे दिवशी बैलावर हात उचलणे म्हणजे घराण्यास काळिमा, हे ठाऊक असूनच बोलले. असा हा थेटे. वाडवडिलांचा मान डोळ्यांदेखत जातो ऐसे सुभानजींस दिसले.

मग त्यांनी बायकांच्या घोळक्याकडे पाहिले. तेथे ठकूबाई ओवाळणीचे ताट घेऊन उभ्या होत्या. आणि जे या गावात कोणा नवऱ्याने केले नव्हते ते सुभानजींनी केले. चारचौघांत बायकोचे नाव घेतले. "ठकू," म्हणाले, "माझ्यानं व्हत न्हाई. तू ये."

बाईंनी ताट शेजारणीच्या हाती दिले, पदर खोचला, कासरा घेतला आणि मुंगश्याच्या कानापाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "चला रं लेकरांनू." आणि जोडी तोरणाखालून निघून गेली, जैसी रोज सांजेस गोठ्यात जाते तैसी.

माणकोजी आडवे आले. "दंडक मोडला! कासरा घरच्या कर्त्या पुरुषानं धरायचा!" पाटलांनी सुभानजींकडे पाहिले. हवालदार ताठ उभे राहिले आणि पलटणीत साहेबास करावा तैसा सलाम करून बोलले, "पाटील, चौदा वर्सं मी घरी नव्हतो. रान कुनी नांगरलं? सारा कुनी भरला? ही गोऱ्ही कुनी जगवली? तवा ह्या घरचा कर्ता कोन, त्ये तुम्हीच सांगा." पाटलांनी नारळ मागविला आणि स्वहस्ते मुंगश्याच्या पायाशी फोडला.

येणेप्रमाणे मान राज्यात परत आला. सुभानजी जगले तोवर दर पोळ्यास कासरा ठकूबाईंच्या हाती आणि हवालदार लाल कोट घालून जोडीच्या मागे, ऐसी स्वारी निघत असे. आम्ही त्यांचे वंशज. घराण्याचा मूळ पुरुष कोण ऐसे कोणी पुसले तर आम्ही ठकूबाईंचे नाव सांगतो.