सोमणबाईंची रांग

दुपारी आमच्या ऑफिसातला प्रिंटर मोकळा असला, की सोमणबाई त्यावर एक कोरं पान छापायच्या. कोरं म्हणजे अगदी कोरं. पांढरा कागद आत जायचा आणि पांढराच बाहेर यायचा. बाई तो उलटसुलट करून बघायच्या, "चालू आहे" म्हणायच्या आणि तोच कागद पुन्हा ट्रेमध्ये ठेवायच्या. उधळपट्टी त्यांना खपत नसे.

सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि वर आम्ही अमेरिकेतल्या कुठल्याशा गोदामासाठी प्रोग्रॅम लिहायचो. कंपनी म्हणायची ती आमच्या साहेबांची हौस. खोल्या तीन आणि प्रिंटर एक. तोही नेमका साहेबांच्या केबिनच्या दाराशी. नेटवर्क आणि प्रिंटर ही सोमणबाईंची खाती. त्यांना मॅडम म्हटलेलं चालत नसे. "मॅडम दुकानात म्हणतात. मी काही विकत नाही."

प्रिंटर सगळ्यांचा, म्हणून सगळ्यांची पानं आधी बाईंच्या टेबलावरच्या सर्व्हरवर यायची. तिथे स्पूलर नावाचा एक प्रोग्रॅम होता. तो ती पानं जमा करून घ्यायचा, ओळीनं लावायचा आणि प्रिंटर रिकामा झाला की एकेक सोडायचा. हा प्रोग्रॅम कोणाला दिसत नाही, तो आपला मागच्या मागे काम करत राहतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आमच्याकडे तो दिसायचा. जाड भिंगाचा चष्मा लावून, मोरपंखी शाल पांघरून एसीखाली बसलेला असायचा.

बाईंच्या पडद्यावर ती रांग कायम उघडी असे. कोणी, काय, कधी पाठवलं ते सगळं त्यात दिसे. पान येईना म्हणून कोणी पुन्हा पुन्हा बटण दाबलं, की खुर्चीतून न हलता बाई म्हणत, "बेल एकदा वाजवली ना? आतला माणूस चपला शोधतोय. जागेवर बसा."

एकदा खुद्द साहेबांनी विचारलं, "बाई, माझं जरा पुढे घेता का?"

"रेशनच्या रांगेत मागून येऊन पुढे घुसणाऱ्याला लोक काय म्हणतात, ते ठाऊक आहे ना आपल्याला?"

साहेब जागेवर जाऊन बसले.

एवढ्या खमक्या बाई, पण रांग रिकामी झाली की त्यांचा चेहरा उतरायचा. आमच्या टेबलांपाशी फिरून "काही छापायचं नाही का? काम आहे ना सगळ्यांना?" असं विचारायच्या आणि मग ते कोरं पान. मी एकदा न राहवून कारण विचारलं. बाई आधी चिंचवडच्या एका कारखान्यात टायपिंगच्या प्रमुख होत्या, हे मला तेव्हाच कळलं.

"बंद पडायच्या आधी काय झालं सांगू? आरडाओरडा नाही, मोर्चा नाही. नुसता टायपिंगचा ट्रे रिकामा राहायला लागला. आम्ही मशिनं पुसत बसायचो. मग नोटीस आली. बरोबरच्या बायका सुना शोधत होत्या तेव्हा मी कॉम्प्युटरच्या क्लासला पोरांशेजारी बसले." शाल सारखी करत त्या म्हणाल्या, "आता हेही बंद पडलं, तर मला तिसरीकडे कोण उभं करणार आहे?"

नारायण पेठेत दोन खोल्यांत बाई एकट्या राहायच्या. त्यांना विचारून मी उगीच स्वतःच्या जिवाला घोर लावून घेतला. त्या दिवसापासून प्रिंटर गप्प झाला की मलाही धडधडायला लागायचं.

आता माझी गोष्ट. वडिलांची कंपनीही तशीच बंद पडलेली, वारज्यातल्या आमच्या घराला माझाच पगार. दुसरीकडे बऱ्या नोकरीचा इंटरव्ह्यू ठरला, तेव्हा साहेब बाहेर गेलेले बघून मी ऑफिसातूनच माझा रेझ्युमे छापायला सोडला. बटण दाबलं, आणि त्याच क्षणी जिन्यात साहेबांच्या बुटांचा आवाज आला. आपलं एक प्रपोजल छापायला सोडून ते थेट प्रिंटरपाशी येऊन उभे राहिले.

प्रिंटरमधून कोणाचं तरी जाडजूड मॅन्युअल पडत होतं. त्याच्यानंतर माझा नंबर, माझ्यामागे साहेबांचा. म्हणजे माझा रेझ्युमे पडणार तो साहेबांच्या हातात. मी फाईल बंद केली. मॅन्युअल पडतच होतं. मी कॉम्प्युटर बंद केला. तरी भागेना म्हणून टेबलाखाली शिरून प्लगच उपटला. आणि तिथे, चपलांच्या शेजारी ओणवा असताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पान आता माझ्याकडे नाहीच. ते सर्व्हरवर जाऊन शिस्तीत रांगेत उभं आहे आणि रांग मोडणं बाईंच्या धर्मात बसत नाही.

मी घाम पुसत प्रिंटरपाशी गेलो.

"काय रे, तुझंही काही आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. सहज. पाय मोकळे करायला."

मॅन्युअल संपलं. प्रिंटर क्षणभर थांबला. घरी काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो. पान सरकत बाहेर आलं. साहेबांनी ते उचललं, वाचलं आणि म्हणाले, "वा, लवकर आलं की माझं."

मी बाईंकडे बघितलं. त्या शांतपणे पडद्याकडे बघत होत्या.

साहेब केबिनमध्ये गेले, दार लागलं आणि प्रिंटर पुन्हा घरघरला. बाईंनी उठून माझी पानं उचलली, पालथी धरली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. "थांबवून ठेवलं होतं. फाईलचं नाव 'रेझ्युमे नवा फायनल'? अहो जगदाळे, त्यापेक्षा दारावर पाटी लावायची. आणि दुसऱ्या पानावर अनुभव फार फुगवलाय. खोटं लिहावं, पण बेतानं लिहावं."

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, हे काही माझ्या एकट्यासाठी नव्हतं. ऑफिस सोडून गेलेल्या प्रत्येकाचा रेझ्युमे, व्हिसाचे कागद, सगळं बाईंनी असंच साहेबांच्या नजरेआड थांबवून वेळ बघून सोडलं होतं. आमच्यातलं कोण जाणार, हे घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं. प्रत्येक जाणाऱ्याबरोबर रांग थोडी आखूड होणार, हेही त्यांनाच सगळ्यात जास्त कळत होतं. तरी त्यांनी एकाचंही पान अडवलं नाही.

मला नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी बाई एवढंच म्हणाल्या, "तिकडे प्रिंटर साहेबांच्या केबिनपासून लांब आहे ना, बघून घ्या."

पुढे अमेरिकेतली कामं आटली आणि पुण्यातल्या आमच्यासारख्या छोट्या कंपन्यांना ओहोटी लागली. अनुभवाचा दाखला हवा म्हणून मी एका दुपारी जुन्या ऑफिसात गेलो. खालचं ड्रिल चालू होतं. वर बहुतेक कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकची कव्हरं चढलेली. साहेब कामं शोधायला मुंबईला गेलेले. बाई त्याच शालीत, त्याच खुर्चीत. दाखला त्यांनी तयारच ठेवला होता.

मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि पडद्याकडे बघून चाट पडलो. रांग भरलेली होती. चांगली वरपासून खालपर्यंत. बारकाईनं पाहिलं तर त्यातला एकही माणूस आता इथे नव्हता. कोणी न्यू जर्सीला, कोणी बंगळूरला. आणि मधेच माझं नाव, जगदाळे.

"बाई, हे काय?"

"तुम्ही एकानंही जाताना पासवर्ड बदलला नाही. मीच दिलेले अजून तेच आहेत. सकाळी आले की प्रत्येकाच्या नावानं एकेक कोरं पान पाठवते आणि प्रिंटर थांबवून ठेवते. म्हणजे कागद जात नाही." मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "रिकामी रांग बघवत नाही हो."

या बाईंनी आम्हाला एकेक करून सुखरूप बाहेर काढलं होतं आणि आता रोज सकाळी एकेक करून परत बोलावत होत्या.

"घाईत असाल तर तुमचं पान सोडते," त्या म्हणाल्या.

खरं तर मला घाई होती. खाली स्कूटर दवाखान्याच्या दारात आडवी लावली होती.

"नको," मी म्हणालो. "नंबर येईल तेव्हा येईल."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग जागेवर बसा," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

मी माझ्या जुन्या टेबलापाशी गेलो, कॉम्प्युटरवरचं कव्हर काढलं आणि बसलो.