धनेश जोडप्याचा पक्का करार

एका जंगलात, बाळांनो, कोर्ट नुकतंच सुरू झालं होतं. त्यामुळे भांडणं जपून ठेवायची चांगली सोय झाली होती.

तिथे एका बेहड्याच्या झाडावर दामोदर आणि इंदुमती हे धनेश पक्ष्यांचं जोडपं राहायचं. धनेशांची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर ऐका. अंडं घालण्याआधी मादी झाडाच्या ढोलीत शिरते. मग ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून बंद करतात. चोच जाईल एवढी एक फट तेवढी ठेवतात. नर फळं आणतो, मादी ती फटीतून घेते. आत तिच्या पंखांची पिसं गळतात, त्यामुळे पुष्कळ दिवस तिला उडता येत नाही.

पिल्लू जन्मलं आणि आठवड्याभरात भांडण झालं.

"अहो, आजही उंबरंच?"

"आत बसून हुकूम सोडायला काय जातंय?"

"मग या आत. मी जाते बाहेर."

"त्यापेक्षा वेगळे होऊ."

"होऊ की! इथे कोणाचं अडलंय?" ढोलीत बंद असलेली इंदुमती म्हणाली.

दामोदरने बगळे वकिलांना झाडाखाली आणलं. वकील दूरच्या सरोवरावर शिकून आले होते. तिथे त्यांनी बदकांचे पुष्कळ करार केले होते. तोच मसुदा त्यांनी काढला.

"ढोली बाईंची, फांदी साहेबांची. पिल्लाचा ताबा आईकडे. रविवारी वडिलांनी त्याला पोहायला न्यावं."

"आमच्यात पोहत नाहीत," दामोदर म्हणाला.

"मसुद्यात आहे. पुढे. पोटगी, रोज वीस फळं."

"ती द्यायला यांनी इथे यायचं नाही," आतून इंदुमती म्हणाली. "मला यांचं तोंड बघायचं नाही."

"मला तरी कुठे हौस आहे!"

"उत्तम," वकील म्हणाले. "साहेबांनी दहा झाडांच्या आत फिरकायचं नाही. फळं कोर्टात भरायची. बेलिफ पोचवेल."

कासव न्यायाधीशांनी शिक्का मारला. सगळ्यांनी कराराचं कौतुक केलं. इतका पक्का करार जंगलाने पाहिला नव्हता.

बेलिफ म्हणजे गोगलगाय. ती फार प्रामाणिक होती. पहिल्या दिवशी एक उंबर घेऊन निघाली, तिसऱ्या दिवशी पोचली. उंबर सडलं होतं. पोच मात्र तिने सहीनिशी घेतली.

ढोलीत पिल्लू ओरडत होतं. तीन दिवस ते दामोदरला दहा झाडांपलीकडून ऐकू आलं. चौथ्या दिवशी ऐकू येईना.

तो धावत कोर्टात गेला. "साहेब, पिल्लू उपाशी आहे."

"फळ मिळाल्याची सही आहे," कासव म्हणालं. "तक्रार असेल तर अर्ज करा. पौर्णिमेनंतरची तारीख देतो."

दामोदरने अर्ज केला नाही. त्याने घशात मावतील तेवढी जांभळं भरली आणि थेट फटीत चोच घातली.

"कोण?"

"मी."

"आपला करार झालाय ना?"

"झालाय."

"मग पटापट द्या. आणि हळू बोला, खाली वकील उभे असतात." थोड्या वेळाने आतून पिल्लाचा आवाज आला. बारीक, पण आला. "उद्या जरा लवकर या," इंदुमती म्हणाली.

बातमी फुटलीच. करारभंगाचा खटला उभा राहिला. कोर्ट झाडाखाली भरलं.

"बाई, तुमच्या फटीशी रोज कोण येतं?" कासवाने विचारलं.

"चोच येते, साहेब."

"कोणाची?"

"फट चोचीएवढीच आहे. चोचीमागे कोण असतं ते मला कसं दिसणार?"

"दामोदर, तुम्ही होता का?"

"मी कशाला जातोय? आम्हाला एकमेकांचं तोंड बघायचं नाही. वाचा करार."

कासवाने करार वाचला. तसंच लिहिलं होतं. मग त्याने निकाल दिला. एक अनोळखी चोच येते, तिचा कराराशी संबंध नाही, कराराचं पालन काटेकोर होत आहे.

बगळे वकिलांनी हा करार नमुना म्हणून छापला. आता जंगलातली सगळी वेगळी झालेली जोडपी त्यावरच सही करतात. सकाळ झाली की जंगलभर अनोळखी चोची उडत असतात, आणि पिल्लं पोटभर जेवतात.

तात्पर्य: वेगळं व्हायचं असेल तर करार अगदी पक्का करावा. कच्चा करार कोणालाही एकट्याने मोडता येतो. पक्का मोडायला दोघांना एकत्र यावं लागतं.