पेडणेकर सिस्टरांचा वॉर्ड

आमच्या बिल्डिंगच्या आवारात पहिल्यांदा येणारा माणूस गेटपाशीच थबकायचा. भिंतीलगत आठ-दहा झाडं आणि प्रत्येकाच्या शेजारी काठीला टांगलेली सलाईनची बाटली. नळीतून थेंब थेंब पाणी मुळाशी पडतंय, आणि त्या रांगेतून सुती साडी खोचलेल्या एक बाई पानं उलटून बघत राउंड घेतायत.

या पेडणेकर सिस्टर. मुंबईच्या हॉस्पिटलात बत्तीस वर्षं नोकरी करून रिटायर झाल्या आणि नव्वदीच्या दशकात वसईला, आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायला आल्या. लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "नाइट ड्यूटीशी लागलं होतं माझं. रिटायर झाले तेव्हा सुटले."

आवार म्हणजे जुनं मिठागर, त्यावर बिल्डरने ओतलेलं डबर. एप्रिलमध्ये जमिनीवर मीठ फुलायचं. बोअरिंगचं पाणी तोंडात घेववत नसे, गोडं पाणी टँकरने, तेही एक दिवसाआड. आमच्याकडे गवतसुद्धा विचार करून उगवायचं. भाजी विकायला येणारी जनाबाई तरुणपणी मिठागरातच राबलेली. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "सिस्टर, कशाला जीव जाळता? पानीच खारट, झाड काय करील?"

"पेशंट अवघड आहे म्हणून ड्यूटी सोडायची का?" सिस्टर म्हणाल्या.

जनाबाईने हात जोडले. पण दुसऱ्या दिवशी भाजीच्या पाटीत जवळच्या गिरीज गावातल्या वाडीतून केळीच्या खुंटाचे तुकडे घेऊन आली. "खड्ड्यात घाला. पानी धरून ठेवतं."

मी एकदा शहाणपणा करून विचारलं, "सिस्टर, सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी ना? आधीच जमीन खारट..."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाटली सलाईनची. पाणी टँकरचं. पुढे?"



"घाबरायचं काही नाही," हे त्यांचं पालुपद. मावा पडलेल्या चवळीला सांगायच्या, पिवळ्या पडलेल्या लिंबाला सांगायच्या, आणि पानावरची अळी चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात सोडताना तिलाही सांगायच्या. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला की खाली स्टूल टाकून कापसाच्या बोळ्याने एकेक डहाळी पुसत बसायच्या. "हलू नकोस गं. झालंच."

हळूहळू सगळी बिल्डिंग त्यांची ओपीडी झाली. कोणी कढीपत्त्याची फांदी दाखवायला आणायचं, कोणी मनीप्लांटचं पान. सिस्टर आधी रागवायच्या, "इतके दिवस काय करत होतात?" आणि मग निंबोळीचा अर्क द्यायच्या. किती थेंब, कधी, उन्हं उतरल्यावर की आधी, सगळं कागदावर लिहून.

एकदा सोसायटीचे सेक्रेटरी खानोलकर एका फवारणीवाल्याला घेऊन आले. पाठीवर पंप, हातात उग्र वासाचा डबा. सिस्टर आडव्या उभ्या राहिल्या.

"डोस किती?"

"अंदाजे टाकतो बाई."

"अंदाजे? अंदाजे माणसं मरतात! तोंडाला रुमाल कुठाय तुझ्या? हातमोजे?"

फवारणी राहिली बाजूला. त्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, डोळे तपासले आणि चहा पाजून परत पाठवलं. खानोलकर मुकाट्याने वर गेले. त्यांच्या बायकोचा गुलाब त्या वेळी सिस्टरांकडे ॲडमिट होता.

पुढे एका मे महिन्यात सिस्टरांना ताप आला. चार दिवस राउंड झाली नाही. झाडांना आम्ही पाणी घालत होतो. पाचव्या दिवशी माझी बायको सुमन आणि मी पेज घेऊन वर गेलो. त्यांच्या घरात आम्ही पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. घर लख्ख. बाल्कनीत भरपूर ऊन. आणि घरभर एकही झाड नाही.

"सिस्टर, वर एक कुंडीसुद्धा नाही?" सुमनने विचारलं.

त्या चमचा वाटीत फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बत्तीस वर्षं दिवसरात्र कोणी ना कोणी हाक मारायचं गं, सिस्टर, सिस्टर. इथे आले तर पहिला महिनाभर बेल वाजवली ती फक्त दूधवाल्याने. वर झाडं लावली असती तर मीही वरच बसले असते. खाली लावली, त्यांना कीड पडली, तेव्हा कुठे तुम्ही लोक थांबून विचारायला लागलात, हा कसला किडा." आणि हसल्या. "किडीचे फार उपकार आहेत माझ्यावर."



आठवड्याने सिस्टर खाली येऊन बाकावर बसल्या. सुमनने आमच्या खिडकीतली मोगऱ्याची कुंडी उचलली आणि त्यांच्यासमोर नेऊन ठेवली. "सिस्टर, याचं काहीतरी बिघडलंय. जरा बघता?"

सिस्टरांनी एकेक पान उलटलं, खोडावरून बोट फिरवलं, माती चुरून पाहिली. मोगरा कळ्यांनी लगडला होता. त्याला काहीही झालेलं नव्हतं. त्यांनी मान वर करून सुमनकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"केस अवघड आहे," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी दाखवायला आणावं लागेल."

"किती दिवस?"

"ते आत्ताच नाही सांगता येणार," म्हणाल्या, आणि सरकून त्यांनी सुमनला बाकावर जागा करून दिली.