तालीम मंडळाचं मशीन आन् जिलबीचा आग्रह

"मशीन म्हंजी काय, डबा! झाकण काढा, खराब पार्ट फेका, चांगला टाका. हाय काय आन् न्हाई काय!" न्हावऱ्यातल्या कॉम्प्युटर दुकानाचे मालक बाळासो भर चौकात म्हणाले.

प्रश्न गावाच्या इज्जतीचा होता. तालीम मंडळानं गेमवरच्या क्रिकेटची स्पर्धा ठेवलेली, फायनल शेजारच्या खुटबाव गावाशी, आन् ऐन दिवशी मंडळाच्या गेमच्या मशीनला सीडीच ओळखू येईना. नियम मंडळाचाच: यजमानांचं मशीन चाललं न्हाई, तर कप पाव्हण्यांना!

खुटबावकर सरावाला स्वतःचं मशीन घेऊन आलेले. त्याच कंपनीचं, त्याच नावाचं, जुळं भावंडच! बाळासोंच्या मिशीत हसू फुटलं.

"विक्रम, पाव्हण्यांना पंगतीत अडकव. त्यांचा सीडीचा ड्राइव्ह आपल्यात, आपला त्यांच्यात. कुणाला पत्ता लागतोय!"

विक्रम म्हणजे मंडळाचा हुकमी बॅट्समन. तो लगेच पंगतीत बसला. "घ्या की! आमच्या गावची जिलबी नाकारता?"

"तुम्ही खाल तर आम्ही खाऊ!" पाव्हणे म्हणाले. झालं! एक त्यांना, एक ह्याला.

इकडं आतल्या खोलीत बाळासोंनी दोन्ही डबे उघडले. ड्राइव्ह बदलले, दिवे लागले. मशीननं सीडी चाखली आन् भातात खडा लागल्यागत थुंकली! दुसऱ्यात घातली. त्यानंबी थुंकली! मघाशी एक बंद होतं, आता दोन झाली.

घाम पुसत त्यांनी पुण्याला, माल पुरवणाऱ्या मल्हारीला फोन लावला.

"मल्हारी, समजा एखाद्या येड्यानं ह्याचा ड्राइव्ह त्याच्यात घातला..."

"बाळासो, काय करून बसलास?"

"मी न्हाई रे! एखाद्यानं!"

"मग त्या एखाद्याला सांग, पीसी म्हंजी धर्मशाळा. कुणाचाबी पार्ट कुठंबी मुक्काम करतो. गेमच्या मशीनचं तसं न्हाई. डबा सारखा दिसला तरी आतला बोर्ड कंपनी बदलत राहती. आन् त्या बोर्डाचं ड्राइव्हसंगं कारखान्यातच लगीन लागतं! ज्याचं त्याच्या घरी नांदव!"

बाळासो खिडकीतनं ओरडले, "विक्रम, अजून आग्रह कर!"

"मामा, मलाच जाईना आता!"

"गावासाठी खा!"

ड्राइव्ह आपापल्या सासरी गेले. खुटबावचं मशीन सुरू! मंडळाचं होतं तसंच मेलेलं.

खुटबावची कॅप्टन सृष्टी मोठ्या मनाची. पंगतीत तिनं नुसतं ताक घेतलेलं. "फुकटचा कप नको आम्हाला. आमच्या मशीनवर खेळू," म्हणाली.

न्हावऱ्यानं टाळ्या वाजवल्या. विक्रम मात्र दोघांच्या आधारानं खुर्चीपर्यंत आला. पाकानं बोटं बटणाला चिकटलेली, डोळे मिटत चाललेले. "विक्रम, हाण!" गाव ओरडलं. विक्रमनं ढेकर दिली आन् त्रिफळा उडाला!

कप घेऊन सृष्टी मशीन आवरायला लागली आन् थबकली.

"बाळासो मामा, जरा बघा की. आमच्या झाकणावर 'न्हावरे तालीम मंडळ' लिहिलंय."

अख्खा मांडव वळून बघायला लागला. बाळासोंनी झाकण हातात घेतलं, उलटंपालटं केलं, मान हलवली.

"ह्या कंपनीचं हेच वाईट बघ, पोरी! न विचारता कायबी छापत्यात!"